लुकासवरचा पेपर हातात पडला की आधी काय बघायचं

इमर्जन्सी मेडिसिनच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबला, म्हणजे पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीला, मशीनने सीपीआर देण्यावरचा (म्हणजे हृदय बंद पडल्यावर लुकाससारख्या मशीनने छाती दाबण्यावरचा) पेपर वाट्याला आला की सगळे एकच करतात, ॲबस्ट्रॅक्टचं म्हणजे सारांशाचं शेवटचं वाक्य वाचतात, तिथे फरक आढळला नाही असं लिहिलेलं असतं, ते स्लाईडवर टाकतात आणि मोकळे होतात. मीही तेच केलेलं. सरांनी एवढंच विचारलं, फरक नाही तो कोणापेक्षा? आणि मी गप्प. तर ज्यांना हा विषय अभ्यासायचाय किंवा थीसिसला घ्यायचाय त्यांच्यासाठी, मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी.

पेपर उघडायच्या आधी मशीन हाताळा. लुकासमध्ये पिस्टन आणि सक्शन कप असतो, तो मिनिटाला साधारण १०२ वेळा ५.३ सेंटिमीटर दाबतो. ऑटोपल्सचा पट्टा छातीभोवती आवळतो, मिनिटाला ८० वेळा. तिसरा प्रकार म्हणजे हातानेच चालवायचा पंप, दाबतो पण आणि वर ओढतो पण, याची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत एका मुलाने वडिलांवर बाथरूममधला तुंबलेलं काढायचा रबरी पंप वापरला तिथून झाली, १९९० मध्ये ती केस छापून आली, थट्टा नाही. चौथी आयटीडी, म्हणजे ट्यूबला किंवा मास्कला जोडायची छोटी झडप, छाती वर येताना हवा आत जाऊ देत नाही त्यामुळे आतला दाब आणखी कमी होतो आणि हृदयाकडे रक्त जास्त परत येतं. हे चार प्रकार एकाच पोत्यात भरून 'डिव्हाईस सीपीआर' असं म्हणणारा रिव्ह्यू दिसला तर जरा जपून.

आता मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, लुकास लावून बघा, स्टॉपवॉच घेऊन. पाठीखालची प्लेट एका पॉजमध्ये (म्हणजे दाबणं थांबवलेल्या वेळात) सरकवायची, लगेच हाताने दाबणं चालू, मग पुढच्या पॉजमध्ये वरचा भाग लावायचा, आणि प्रत्येक पॉज १० सेकंदांच्या आत. ऐकायला सोपं आहे. एका हॉस्पिटलमध्ये, नाव राहू दे, पहिल्यांदा खऱ्या पेशंटवर लावायची वेळ आली तेव्हा वॉर्डबॉय मामा एका बाजूने उचलतायत, सिस्टर दुसऱ्या बाजूने, शर्ट कापायचा राहिलेला, प्लेट पार कमरेपर्यंत घसरली, आणि मी दोन हात हवेत धरून उभा, म्हणजे दाबणारा माणूसच थांबलेला. नंतर शॉक देणाऱ्या मशीनची, म्हणजे डिफिब्रिलेटरची पट्टी काढली तर ४१ सेकंद सपाट. मशीन चांगलं की वाईट हा वाद त्या ४१ सेकंदांत संपला होता. कप स्टर्नमच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या टोकाच्या लगेच वर बसायला हवा, बसल्यावर कडेने मार्कर पेनने खूण करा म्हणजे सरकला की कळतं. छातीची उंची १७ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लुकास चालतच नाही, किडकिडीत म्हातारे पेशंट बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे एकदा केलं की पेपर वेगळा दिसतो. सगळ्यात आधी हाताने सीपीआर देणारा ग्रुप वाचा, म्हणजे कंट्रोल. ऑटोपल्सच्या दोन ट्रायल शेजारी ठेवा. २००६ च्या ॲस्पायरमध्ये डिस्चार्जपर्यंत जगलेले मशीनवर ५.८ टक्के आणि हाताने ९.९, ट्रायल मध्येच थांबवावी लागली. २०१४ च्या सर्कमध्ये ४,२३१ पेशंट, आणि दोन्ही पद्धती बरोबरीच्या. तेच मशीन ना? पण सर्कमध्ये दोन्हीकडच्या टीमला सीपीआरचं कडक ट्रेनिंग होतं, एकूण वेळेतला ८० टक्के वेळ छाती दाबली जात होती. आपल्याकडे रात्री तीनला कॅज्युअल्टीत एक हाऊसमन आणि एक सिस्टर असताना तो आकडा किती असेल, ते आपणच मोजायचं, युरोप-अमेरिकेचा उसना घ्यायचा नाही.

लुकासचे दोन मोठे पेपर म्हणजे लिंक आणि पॅरामेडिक. लिंकमध्ये चार तासांनी जिवंत मशीनवर २३.६ आणि हाताने २३.७ टक्के. पॅरामेडिक ब्रिटनमधली, ४,४७१ पेशंट, इथे पेशंट नाही तर ॲम्ब्युलन्स चिठ्ठी टाकून वाटलेल्या, ३० दिवसांनी जिवंत लुकासवाले ६ आणि हाताने ७ टक्के. पण आतलं टेबल बघा, लुकासवाल्या ग्रुपमधल्या साधारण ६० टक्के पेशंटनाच लुकास लागला, आणि तरी विश्लेषण नेमलेल्या ग्रुपप्रमाणेच केलंय. म्हणजे हा पेपर 'लुकास लावल्याने काय होतं' हे सांगत नाही, 'गाडीत लुकास ठेवल्याने काय होतं' हे सांगतो. जर्नल क्लबला हे वाक्य बोललात की सर चहा पाजतात.

लुकास लावलाय हे लपवता येत नाही, आयटीडीचं उलटं. प्राइमेड ट्रायलमध्ये दुसऱ्या ग्रुपला हुबेहूब दिसणारी खोटी झडप दिली, कोणालाच माहीत नाही कोणती कोणाला, निकाल सारखा. पंप आणि झडप एकत्र वापरलेल्या रेस्क्यू ट्रायलमध्ये मेंदू शाबूत ठेवून घरी गेलेले ८.९ टक्के, साध्या सीपीआरमध्ये ५.८, पण तिथे सगळ्यांना दिसत होतं काय चाललंय ते, आणि श्रेय पंपाचं की झडपेचं हे वेगळं करता येत नाही.

जुन्या केसपेपरवरून केलेल्या अभ्यासात आणखी एक फसगत असते. ज्या पेशंटचं हृदय चार मिनिटांत परत चालू झालं त्याला मशीन लावायची वेळच येत नाही, मशीन लागतं ते वीस मिनिटं झालेल्याला, मग मशीनवाले जास्त मेले असं दिसणारच. किती वेळाने मशीन लावलं हा कॉलम नसेल तर तो पेपर बाजूला ठेवा. आणि आउटकम, म्हणजे निकाल, काय पकडलाय ते बघा, फक्त पल्स परत आली हे मोजलंय, की ३० दिवस, की मेंदूचा स्कोअर, कारण पल्स येऊन आयसीयूत दुसऱ्या दिवशी गेलेले आपण सगळ्यांनी बघितलेत.

थीसिस करायचा असेल तर ६० पेशंटमध्ये जगण्याचा फरक शोधायला जाऊ नका, ६ आणि ७ टक्क्यांतला फरक शोधायला हजारो लागतात, गाईड कितीही उत्साही असले तरी. त्यापेक्षा पॉज मोजा. डिफिब्रिलेटरचा डेटा डाउनलोड करून, मशीन लावताना किती सेकंद थांबलो, शॉकच्या आधी किती, पहिला शॉक मशीनपायी उशिरा गेला का, ईटीसीओटू (श्वासाच्या शेवटी बाहेर येणारा कार्बन डायऑक्साईड) कसा बदलला, हे सगळं ५०-६० पेशंटमध्ये नीट निघतं. नोंदी उटस्टाइन पद्धतीने, म्हणजे अरेस्टच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात, ठेवा म्हणजे इतरांशी तुलना होते: अरेस्ट (हृदय बंद पडणं) कोणी बघितला, आधी कोणी सीपीआर दिला का, पहिला रिदम काय. एथिक्स कमिटीला पहिल्याच महिन्यात गाठा, कारण बेशुद्ध माणसाची संमती कशी घेणार हा प्रश्न ते विचारणारच, आणि ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी यादीत) नोंदणी.

शेवटी सगळे विचारतात, मग मशीन वापरायचं की नाही. सरसकट प्रत्येकाला नाही, २०२० च्या अमेरिकन गाईडलाईन्सनीही तेच सांगितलं होतं. पण चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये, कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात), एक्मोची, म्हणजे शरीराबाहेरून रक्त फिरवणाऱ्या मशीनची, तयारी होईपर्यंत, किंवा माणसंच कमी असताना, तिथे वापरायला हरकत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर १०८ मध्ये उभं राहून छाती दाबून बघितलंय का कोणी? माझा गुडघा अजून दुखतो.

पुढच्या पोस्टिंगला आधी मॅनिकिनवर दहा वेळा लावा, दहाव्या वेळी घड्याळ लावा, आणि तो आकडा डायरीत लिहून मगच पॅरामेडिकचा पेपर उघडा.