सोयाबीन कापलंय? मग दुपारी बारा वाजता एकदा वर बघा

काढणीच्या दिवसांत दरवर्षी तेच होतं. सोयाबीन कापून वावरात पडलेलं, हडंबेवाला (मळणी यंत्रवाला) "उद्या येतो" म्हणतो आणि ताडपत्री गावातल्या घरी माळ्यावर. सकाळी आभाळ कोरं असतं, म्हणून ती कुणी वावरात नेत नाही. चार वाजता बदाबदा कोसळतो. पुढे ऊन पडलं नाही की शेंगेतच कोंब.

ऑक्टोबरच्या कोऱ्या सकाळवर भरवसा ठेवू नका. मोसमी पाऊस माघारी फिरत असतो, जमिनीत ओल असते आणि ऊन कडक. हीच ओल तापून वर जाते आणि दुपारी ढग उभा करते.

सहा किलोमीटरच्या वर दिसणारे पांढरे बारीक तंतू बर्फाच्या कणांचे असतात. त्यांच्यातून पाऊस पडत नाही. तेच एका बाजूने दाट होत आले आणि सूर्याभोवती खळं पडलं, तर एक-दोन दिवसांत हवा बदलू शकते. आभाळभर करडी चादर असेल तर रिपरिप होईल, पण तिला बघून माणूस आपणच आवराआवर करतो. नुकसान करतो तो तिसरा, खालून सपाट आणि वरून फुलकोबीसारखा फुगत जाणारा ढग. तो रुंद आहे तोवर ठीक. बाराच्या सुमाराला रुंदीपेक्षा उंची जास्त दिसायला लागली, की कामाला लागा. माथ्याची रेखीव कड पुसट झाली आणि माथा सपाट होऊन एका अंगाला पसरला, म्हणजे वर बर्फ झाला. हा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्यानंतर गार वारं सुटलं तर पाऊस काही मिनिटांवर असतो, मग ताडपत्री शोधून उपयोग नाही.

सकाळीच मध्यम उंचीवर, माथ्याला कंगोरे फुटलेले ढगांचे तुकडे दिसले तर दुपार धोक्याची. माझा आणखी एक अंदाज: वारं पूर्वेकडून, अंगाला चिकचिक आणि मुंग्यांची धावपळ असेल, तर मी त्या दिवशी कापणीच लावत नाही. शास्त्राचा दाखला मागू नका. 'मेघदूत' हे हवामानाचं ॲप आणि हवामान खात्याचा रंगाचा इशारा बघायचाच, पण तो जिल्ह्याचा असतो. तुमच्या वावरावरचा ढग तुम्हालाच दिसतो.

कापणीच्या दिवशी विळ्याआधी ताडपत्री वावरात गेली पाहिजे. गंजी उंचवट्यावर लावा, खाली पऱ्हाट्या (कापसाच्या वाळल्या काड्या) घाला, भोवती चर काढा. ओलं सोयाबीन गंजीत कोंबू नका, आतून तापतं. ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबा आणि ऊन पडताच ती काढा, नाहीतर वाफेने बुरशी धरते. झाकायचं ते गडगडाटाच्या आधी. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा गंजीकडे धावू नका, झाडाखालीही थांबू नका. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये असू द्या.

दुकानदार आत्ता "दाणा भरेल, चमक येईल" म्हणून बाटली पुढे करेल. पानं गळालेल्या झाडाला टॉनिक कशाला? त्या पैशात ताडपत्री घ्या.

बाकीची कामं:

- मळणी: दाण्यात ओलावा 14 टक्क्यांच्या आसपास. बियाण्यासाठी मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400.
- साठवण: ओलावा 10 ते 12 टक्के. पोत्यांखाली लाकडी फळ्या, बियाण्याची थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नको.
- हरभरा बियाणं: पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी बुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो, नंतर रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) 250 ग्रॅम प्रति 10 किलो.
- तूर: फुलं लागताना ढगाळ राहिलं तर अळ्या मोजा, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क.