भरतीचं पाणी अडलं की पक्षी जातात: खाडीकाठची पाणथळ वाचवताना या चुका टाळा

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला. पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अभयारण्याची हद्द पाहून राहत नाहीत. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात. भरती चढून चिखल बुडाला की उठतात आणि नेरुळच्या तलावांत, जुन्या मिठागरांत, जिथे उथळ पाणी मिळेल तिथे जाऊन उभे राहतात. चरायची आणि विसाव्याची, या दोन जागांपैकी एक गेली तरी दुसरी निरुपयोगी होते. विसाव्याच्या बहुतेक जागा अभयारण्याबाहेर आहेत, त्यामुळे त्या राखायचं काम आसपासच्या रहिवाशांवर, कोळी बांधवांवर आणि पक्षिमित्रांवर येतं. मन लावून केलेल्या या कामातही काही चुका पुन्हा पुन्हा होतात.

पाणी न मोजता उपाय ठरवणं

पक्षी कमी झाले की आधी झाडं लावायचं किंवा गाळ काढायचं ठरतं. खरं कारण बहुतेक वेळा तोंडाशी असतं: खाडीतून आत पाणी घेणारी मोरी, पाइप किंवा कापलेला चर. रस्ता, भराव किंवा जेट्टीचं काम झालं की ते बुजतं. पाइप शाबूत असला तरी आत प्लास्टिक अडकतं, कडेने कालवं चिकटतात, तळाला गाळ बसतो आणि फूटभर व्यासाच्या पाइपातून मनगटाएवढी धार उरते.

हे तपासायला दोन बांबू पुरतात. प्रत्येकी दोन मीटरचे बांबू घ्या आणि ऑइलपेंटने दर ५ सेंटिमीटरला खूण करा. एक खाडीच्या बाजूला रोवा, दुसरा तलावात. दोन्हींचा शून्य एका पातळीत आणायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब वापरा. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, उधाण जोरात असताना, भरतीच्या दोन तास आधीपासून चार तास नंतरपर्यंत दर पंधरा मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. आठवड्याने, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढणाऱ्या) भरतीला, हेच पुन्हा करा.

खाडीतला बांबू बुडत गेला आणि तलावातला हललाच नाही, तर तोंड बंद आहे. उधाणाला पाणी आत येतं पण भांगाला येत नाही, याचा अर्थ पाइप उंचावर बसवला आहे. पंधरवड्यातले चार-पाच दिवसच तलाव ताजं पाणी घेतो, बाकी दिवस सडतो. अशा वेळी सफाईची मागणी करून उपयोग नाही, पाइपाचा तळ खाली न्यायला हवा. पाणी भरतं पण उतरत नाही, तर झडप अडकली आहे किंवा आतल्या बाजूला गाळाचा उंबरठा तयार झाला आहे. दोन्हीकडे हालचाल आहे पण तलावाची पातळी हातभरसुद्धा बदलत नाही आणि तीही तासन्‌तास उशिराने, तेव्हा पाइप अपुरा आहे. तिथे उघडा चर किंवा चौकोनी मोरीच मागा. उघडा चर तुंबला तर निदान डोळ्यांना दिसतो.

पाणी अडलं की पुढचं सगळं ओळीने घडतं. उन्हाने पाणी तापतं, प्राणवायू घटतो, मासे मरतात. डासांच्या अळ्या खाणारे मासेच उरले नाहीत की डास वाढतात, डास वाढले की आसपासच्या सोसायट्या तक्रार करतात आणि मग ‘हे डबकं बुजवा’ अशी मागणी येते. म्हणून डासांच्या तक्रारीला उत्तर देतानाही भरती-ओहोटीचे हे आकडेच पुढे ठेवा.

उघड्या चिखलावर झाडं लावणं

ही सगळ्यात कळकळीने केली जाणारी चूक. कांदळ आणि तिवर ही खाडीकाठची खारफुटीची झाडं. कांदळाची शेवग्याच्या शेंगेसारखी लांब रोपं चिखलात खोचायला सोपी असतात. एका सकाळी शे-दोनशे लागतात, फोटोही छान येतात. पण झाडं नाहीत म्हणून चिखल रिकामा असतो असं नाही. ओहोटीला तिरप्या उन्हात त्यावर सोनेरी-तपकिरी चकाकी दिसते. तो सूक्ष्म शैवालाचा पापुद्रा असतो. धाकटा रोहित चोच उलटी धरून तेच गाळून खातो. खालच्या चिखलातल्या अळ्या, शिंपले आणि किडे तुतवार, चिखल्या, पाणटिवळा हे पक्षी आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे वेचतात. शिवाय या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं. झाडी जवळ आली की शिकारी पक्षी अचानक येण्याची भीती असते, म्हणून ते जागा सोडतात.

कांदळवन (खारफुटी) लावायचंच असेल तर जिथे पूर्वी होतं आणि तुटलं, तिथेच. तिथेही आधी पाणी मोकळं करा आणि एक पावसाळा थांबा. तिवराच्या बिया पावसाळ्यात पडतात आणि भरतीबरोबर तरंगत येऊन रुजतात. पाणी पोहोचत असेल तर पुष्कळदा एकही रोप लावावं लागत नाही. पाणी पोहोचत नसेल तर लावलेलं रोप जगत नाही. कांदळ खाडीच्या फाट्याच्या काठाला शोभतो, आतल्या उंच, खारट जागेत तिवरच टिकतो.

उलटी अडचणही येते. विसाव्याच्या तलावात गाळ साचून तिवर पसरू लागतं आणि मोकळं पाणी आकसतं. तेव्हा कोयता हातात घेऊ नका. तिवर तोडणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आकसण्याचे फोटो आणि बांबूंचे आकडे घेऊन वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जा.

सुशोभीकरण

दगडी पिचिंग, कडेने फिरायचा मार्ग, मध्ये कारंजं, एकसारखा मीटरभर खोल केलेला तळ. तुतवाराला ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही. शेकाट्या आणि पाणटिवळ्याला साधारण १५ पर्यंत चालतं. रोहित त्याहून खोलात उभा राहतो. म्हणजे तळ उंचसखल हवा आणि काठ बशीसारखा, दहा फुटांत जेमतेम फूटभर उतरणारा. उभी दगडी कड झाली की लहान पक्ष्यांना उतरायला जागाच राहत नाही. दिवे लावावेच लागले तर खांब बुटके आणि पिवळसर प्रकाशाचे हवेत, पाण्याच्या बाजूने झाकलेले. पांढरा एलईडी झोत पाण्यावर नको, कारण विसाव्याच्या जागेवर पक्षी रात्रीही येतात.

ओहोटीचे फोटो घेऊन तक्रार करणं

भराव टाकणारा नेहमी म्हणतो, ‘ही कोरडी जमीन आहे.’ तुम्ही दुपारी ओहोटीला काढलेला फोटो त्याच्याच कामी येतो. एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच दिशेने, उधाणाच्या भरतीला आणि त्याच दिवशी ओहोटीला फोटो घ्या. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश फोटोवर दिसू द्या. सर्व्हे नंबर लिहा. गूगल अर्थवरची जुनी चित्रं जोडा.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरा.

कायद्याचं कलमही नेमकं द्या. अनेक अर्ज फक्त २०१७ च्या पाणथळ नियमांवर उभे असतात. ते नियम सीआरझेडमधल्या (किनारा नियमन क्षेत्रातल्या) जागा आणि मिठागरं वगळतात, त्यामुळे अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. किनाऱ्यालगतच्या जागेसाठी सीआरझेड अधिसूचना २०१९ घ्या: कांदळवन, चिखलपट्टे, खारपाणथळी आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील गटात येतात. कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकालही जोडा. कांदळवन नष्ट करणं हे राज्यघटनेच्या कलम २१ चं (जगण्याच्या हक्काचं) उल्लंघन असल्याचं त्यात म्हटलं आहे आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. अर्जाची प्रत कांदळवन कक्ष, जिल्हाधिकारी आणि तहसीलदार अशा तिघांना द्या, पोचशिक्का घ्या.

सफाई, फोटो, खाऊ

दोनशे माणसं तिवरात शिरली की प्लास्टिक निघतं, पण चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळंही तुडवली जातात. आठ-दहा जणांची तुकडी करा, ओहोटीला कडेकडेने चाला, फावडं-दाताळं वापरू नका. मुळांत गुंतलेली जाळी ओढू नका, कात्रीने कापा. पानं आणि लाकडं तशीच राहू द्या.

फोटो काढताना पक्ष्यांच्या माना बघा. चरणं थांबवून सगळ्या माना वर झाल्या की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा, हळूच मागे या. भरतीच्या वेळी विसावलेला थवा उठवला तर त्याला जायला दुसरा चिखल उघडा नसतो, तो नुसता हवेत घिरट्या घालून दमतो. ड्रोन नकोच. आणि हिवाळ्यात आलेल्या कुरव (सीगल) पक्ष्यांना गाठ्या, शेव टाकू नका. तळलेलं, खारट पीठ हे त्यांचं अन्न नाही, त्यांना मासे हवेत.

गणना चुकीच्या वेळी

ओहोटीला पक्षी मैलभर पसरतात, तेव्हा केलेली मोजणी दर वेळी वेगळी येते. भरतीच्या दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत विसाव्याच्या जागी मोजा. जवळजवळच्या दोन जागा असतील तर दोन गटांनी एकाच वेळी मोजा, नाहीतर तोच थवा दोनदा धरला जातो. दहा पक्षी मोजा, डोळ्यांत तो आकार ठेवा आणि दहा-दहाने पुढे जा. आकड्यासमोर पाण्याची पातळीही लिहा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेवर थांबू नका, नोव्हेंबर ते मे दर महिन्याला एकदा मोजा.

मान टाकलेला, उठू न शकणारा पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, पाणी पाजू नका. साचून तापलेल्या पाण्यात बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार) होतो, त्याची लक्षणं हीच असतात. बर्ड फ्लूची शक्यताही धरायला हवी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, जागा आणि पक्ष्यांची संख्या सांगा. मग त्या दिवसाचे दोन्ही बांबूंचे आकडे लिहून ठेवा. पशुवैद्यक पहिला प्रश्न पाण्याबद्दलच विचारतील.