चटका बसला की आधी नळ, सर्दी झाली की आधी मिठाचं पाणी, तेलाची बाटली नंतर

फोडणीतलं तेल उडालं, कुकरच्या वाफेने मनगट पोळलं, बाईकच्या सायलेन्सरला पोटरी टेकली की घरातलं कोणीतरी टूथपेस्ट आणायला पळतंच. टूथपेस्ट नाही तर हळद, तूप, किसलेला बटाटा, इडलीचं पीठ, आणि हल्ली त्यात लॅव्हेंडर ऑइल पण आलंय. माझी कळकळीची विनंती आहे, हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी नळ सोडा. नळाचं साधं वाहतं पाणी, भाजलेल्या जागेवर, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावून बघा, कारण दोन मिनिटांत आग कमी झाल्यासारखी वाटते आणि माणूस हात काढून घेतो, तिथेच चुकतं.

कारण असं आहे की गरम वस्तू बाजूला झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच असते आणि खालच्या थरांना भाजत राहते. पाणी ती उष्णता काढून नेतं. तेल, तूप, पेस्ट यांचा थर दिला की ती आतच अडकते, वर पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेल्यावर नर्सला ते सगळं खरवडून पुसावं लागतं आणि तेव्हा पेशंटला जे सोसावं लागतं ते बघवत नाही. हळदीचा किंवा रंगीत मलमाचा पिवळा थर असेल तर जखम किती खोल आहे हे डॉक्टरला नीट दिसत पण नाही.

भाजून तास-दोन तास झाले असतील तरी पाणी सोडा, साधारण ३ तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. नळाला पाणी नसेल (आपल्याकडे हे नेहमीचंच) तर मोठ्या पातेल्यात हात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत रहा, नाहीतर ओला सुती कपडा ठेवून तो सारखा बदला. बर्फ मात्र नको, फ्रीजरमधलं काहीच नको, बर्फाने तिथला रक्तपुरवठा आकसतो आणि आधीच भाजलेली कातडी आणखी खराब होते. लहान मूल असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी घ्या आणि बाकीचं अंग चादरीत गुंडाळून ठेवा, पोरं फार पटकन गार पडतात.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी काढून टाका, थोड्या वेळाने सूज आली की ती निघत नाहीत आणि मग कापावी लागतात. कपडा काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, त्याच्याभोवती कापा.

२० मिनिटं झाली की जागा झाका. किचनमधली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) चालते, पहिला वेढा टाकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता ठेवा, हातापायाला घट्ट गुंडाळू नका. ती नसेल तर स्वच्छ धुतलेला सुती कपडा, जुनी मऊ ओढणी वगैरे. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू चिकटतात. फोड आला तर फोडायचा नाही, वरची कातडी म्हणजे फुकटचं निर्जंतुक ड्रेसिंग आहे. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

घरी थांबायचं की जायचं, हे ठरवायला पेशंटचाच तळहात वापरा, बोटांसकट. तेवढी जागा म्हणजे अंदाजे शरीराचा १ टक्का. त्यापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा लहान असलं तरी चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघेचा भाग यावर असेल, विजेचा शॉक किंवा ॲसिड असेल, धूर छातीत गेला असेल, बाळ किंवा म्हातारं माणूस असेल, तर पाणी घेऊन झाकून सरळ हॉस्पिटल. महाराष्ट्रात १०८ ला फोन लावला की ॲम्ब्युलन्स येते. जास्त भाजलेलं असेल तर बर्न्स वॉर्ड असलेलंच हॉस्पिटल विचारून घ्या, नवी मुंबईत ऐरोलीला तर फक्त भाजलेल्या पेशंटसाठी नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे स्किन बँक, म्हणजे दान केलेली त्वचा साठवायची सोय पण आहे. आणि एक गोष्ट फार लोक उलटी समजतात, जागा पांढरी किंवा काळपट पडलीय आणि दुखत नाहीये म्हणजे बरंय असं अजिबात नाही, दुखत नाही म्हणजे नसांपर्यंत भाजलंय.

आता लॅव्हेंडर. रने-मोरिस गॅटफॉसे नावाचा फ्रेंच केमिस्ट होता, १९१० मध्ये त्याच्या लॅबमध्ये स्फोट झाला आणि त्याचे हात भाजले. गोष्ट अशी फिरते की त्याने पटकन हात लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात घातला आणि लगेच बरं वाटलं. त्याने स्वतः लिहिलेलं वेगळं आहे, जखमा नंतर चिघळून गॅस गँगरीन (जिवाणूंमुळे मांस सडणं) झालं होतं आणि तेव्हा त्याने लॅव्हेंडर वापरलं. म्हणजे ज्या किश्शावरून लोक ताज्या चटक्यावर तेल ओततात तो किस्साच तसा नाही. ताज्या भाजलेल्या जागेवर, फोडावर, उघड्या जखमेवर कुठलंच इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं उग्र वासाचं तीव्र तेल, घालू नका, एक थेंब पण नको. टी ट्री, पुदिना, नीलगिरी यांनी तर आधीच दुखावलेली कातडी आणखी चुरचुरते.

घरचं काही लावायचंच असेल तर कोरफड, पण तीही कातडी फाटलेली नाही, फोड नाही, नुसती लाल झालीय अशाच ठिकाणी आणि पाण्याची २० मिनिटं झाल्यावरच. पान कापलं की उभं धरून पिवळा चीक पूर्ण गळू द्या, धुवा, साल काढा आणि आतला पारदर्शक गर तेवढाच घ्या. त्या पिवळ्या चिकाने खाज सुटते, बरेच जण तो तसाच लावतात आणि मग कोरफड सूट होत नाही म्हणतात. पूर्ण भरून आल्यावर तिथली कातडी कोरडी पडते, तेव्हा साधं खोबरेल लावा आणि उन्हापासून जपा.

सर्दीचं सांगताना पण सुरुवात भाजण्यापासूनच करावी लागते, कारण आपण सर्दीला जो उपाय सगळ्यात आधी करतो, गरम पातेलं आणि डोक्यावर टॉवेल, त्यानेच कितीतरी मुलं भाजतात. पातेलं कलंडतं आणि उकळतं पाणी थेट मांडीवर, पोटावर. कोविडच्या काळात घरोघरी वाफ सुरू झाली तेव्हा इंग्लंडमधे बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी अशा केसेस एकदम वाढल्याचं लिहिलं होतं. वाफेने व्हायरस मरत नाही, सर्दीचे दिवस पण कमी होत नाहीत, नाक थोडा वेळ मोकळं वाटतं एवढंच. म्हणून मुलांना पातेल्यातली वाफ द्यायचीच नाही. त्यापेक्षा बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडा आणि मुलाला मांडीवर घेऊन पाच-दहा मिनिटं तिथे बसा, बादलीपासून लांब. मोठ्यांनी घ्यायची तर भांडं टेबलावर भिंतीला लावून ठेवा, मांडीवर किंवा गादीवर नको, आणि उकळी थांबून दोन मिनिटं गेल्यावर घ्या.

त्या पाण्यात नीलगिरीचं तेल टाकायचं तर मोठ्यांसाठी एक-दोन थेंब, डोळे मिटून. मला विचाराल तर तेही नको, रुमालावर एक थेंब टाकून उशीजवळ ठेवा, तेवढाच वास मिळतो आणि भाजायची भीती नाही. पुदिना किंवा मेंथॉलने नाक उघडल्यासारखं वाटतं ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांमुळे, आतली सूज तशीच असते, तरी रात्री झोप लागायला त्याची मदत होते हे खरं.

छातीला चोळायचं असेल तर नीलगिरीसारखं तेल पातळ करूनच. १ मिली म्हणजे अंदाजे २० थेंब धरा, मग दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली खोबरेलात २ थेंब टाकले की १ टक्का झालं, मोठ्यांना सुरुवातीला एवढंच पुरे. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा. दमा असेल तर उग्र वासाच्या भानगडीत पडूच नका.

आणि मुलांच्या बाबतीत हात जोडून सांगते, कापूर आणि नीलगिरी पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, त्याला अगदी चमचाभर तेल पुरतं. बाटली देव्हाऱ्यात, ड्रेसिंग टेबलवर ठेवू नका, वर कुलपात ठेवा. मुलाने प्यायलं तर उलटी करायला लावू नका, बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा. बामच्या डब्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, अमृतांजन तर १८९३ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालं, त्यामुळे बाम म्हणजे औषध वाटतच नाही कोणाला. पण कापूरवाला बाम दोन वर्षांखालच्या बाळाला नको, आणि कोणाच्याच नाकपुडीत नको. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधणं पण बंद करा. ओव्याची पुरचुंडी मोठ्यांना छान आराम देते, तव्यावर गरम करून आधी आपल्या मनगटाला लावून बघा, चटका बसत असेल तर थांबा.

मग सर्दीला करायचं काय? नाकात सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, बाळालासुद्धा चालतात, दूध पाजायच्या आधी टाकले तर त्याला नीट ओढता येतं. मोठ्यांना कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. खोकल्याला झोपायच्या आधी चमचाभर मध, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटावर चाटवायला पण नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आलं, गवती चहा, तुळस घालून केलेला काढा, हळद-दूध, मऊ भात, गरम सार, जे घशाखाली उतरेल ते, फक्त काढा दिवसातून चार-पाच वेळा मिरी-दालचिनी घालून कडक करून पिऊ नका, पोटात आग पडते. आणि गरम कप पोरांच्या हाताशी ठेवू नका.

साधी सर्दी व्हायरसची असते, सात ते दहा दिवसांत जाते, मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप उघडून काही होत नाही. पण श्वास लागतोय, बरगड्या आत ओढल्या जातायत, बाळ दूध घेत नाहीये, तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आलाय, किंवा बरं वाटून पुन्हा जोरात ताप चढलाय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रात्र झाली असली तरी.