स्लॅश फॅनफिक लिहिताना या चुका टाळा

"मी गे नाही रे, माझं फक्त तुझ्यावर प्रेम आहे." स्लॅश कथांमधलं, म्हणजे मालिका-पुस्तकांतल्या एकाच लिंगाच्या दोन पात्रांचं प्रेम रंगवणाऱ्या चाहत्यांच्या कथांमधलं, याहून झिजलेलं वाक्य सापडणार नाही. 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेतल्या किर्क-स्पॉकची प्रेमकथा १९७४ मध्ये पहिल्यांदा एका फॅनझिनमध्ये (चाहत्यांनी काढलेल्या छापील अंकात) आली, तीही पात्रांची नावं न घेता. तेव्हाचा तो आडपडदा समजू शकतो. आज मात्र हे वाक्य आलं की लेखकाला पात्राची लैंगिकता ठरवायचीच नव्हती, एवढंच कळतं. पात्राला स्वतःविषयी काही उमगलं नसेल तर खुशाल नसू द्या, पण लेखक म्हणून तुमचं ठरलेलं हवं.

दुसरी चूक म्हणजे आधीची प्रेमं पुसून टाकणं. 'लेजंड ऑफ कोरा' या अॅनिमेशन मालिकेतल्या कोरा आणि असामी, दोघींचंही आधी माकोशी जमलं होतं. २०१४ च्या शेवटच्या भागात त्या एकमेकींचा हात धरून निघतात. मग फॅनफिकमध्ये माको एकदम नालायक का होतो? कोराला माको खरोखर आवडला होता आणि आता असामी आवडते, यात काही अडचण नाही. बायसेक्शुअल पात्राचा भूतकाळ खोटा पाडायची गरज नसते. शेरलॉक होम्सचा मित्र वॉटसन, त्याच्या बायकोचं, मेरीचंही हेच. तिला कजाग करू नका. बिचारीला मूळ लेखकानेच दोन-तीन शब्दांत संपवलंय!

सगळ्यात जास्त घोळ काळाचा होतो. होम्स-वॉटसन १८९५ च्या लंडनमध्ये आहेत. पुरुषांमधल्या 'असभ्य वर्तना'चा कायदा १८८५ चा, आणि १८९५ मध्येच ऑस्कर वाइल्डला त्याखाली दोन वर्षं सक्तमजुरी झाली. अशा शहरात हे दोघे भररस्त्यात हातात हात घालून "आपण कपल आहोत" म्हणणार? त्यांची भीती कृतीतून दाखवा. वॉटसन चिठ्ठी वाचतो, शेकोटीत टाकतो, आणि जिन्यावर घरमालकीण मिसेस हडसनची पावलं वाजली की खुर्ची अर्धा हात मागे सरकवतो. कायद्याचं नावही घ्यावं लागत नाही. (स्त्रियांच्या जोडीला हा कायदा लागू नव्हता. तिथे भीती बदनामीची आणि घरच्यांची.)

याउलट किर्क तेविसाव्या शतकातला. त्याच्या अंतराळयानावर "आई, तुला काहीतरी सांगायचंय" छापाचा रडारडीचा प्रसंग घालू नका. तिथे अडचण हुद्द्याची: कप्तान आणि त्याचा हाताखालचा अधिकारी. शिवाय स्पॉकला भावना दाबायला शिकवलंय. एवढं पुरे आहे.

"यातली बायको कोण?" हा प्रश्न कथेत डोकावत असेल, म्हणजे एक कायम रडका-नाजूक आणि दुसरा कायम रांगडा, तर दोघांचे मूळ संवाद पुन्हा ऐका. स्वभाव तिथून घ्या.

टॅग, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणारी लेबलं, कथा लिहून झाल्यावर लावा. 'बायसेक्शुअल' टॅग आहे आणि कथेत त्याचा मागमूस नाही, असं असेल तर टॅग काढा किंवा तो प्रसंग लिहा.