नॅनोपोअरने डीएनए आणि आरएनएचा एकेक रेणू कसा वाचावा

नॅनोपोअर म्हणजे नॅनोमीटरभर रुंदीचे छिद्र. या पद्धतीत पेशीतून काढलेला मूळ रेणूच, त्याच्या प्रती न काढता, छिद्रातून ओढून वाचता येतो. त्यामुळे हाताळताना रेणू तुटला, तर तो तुटलेलाच वाचला जातो. म्हणून या कामात सर्वाधिक वेळ नमुन्याच्या तयारीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी तत्त्व समजून घ्यावे. विद्युतरोधक पटलात एक प्रथिन-छिद्र बसवलेले असते, दोन्ही बाजूंना क्षारांचे द्रावण असते आणि विद्युतदाब दिला की छिद्रातून आयनांचा अगदी क्षीण, पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह वाहू लागतो. एकपदरी धागा छिद्रात शिरला की अरुंद भागात त्या क्षणी असलेल्या काही बेसच्या (साखळीतील रासायनिक अक्षरांच्या) गटानुसार प्रवाह बदलतो, आणि या चढउतारांवरूनच क्रम ओळखला जातो. १९९६ साली आल्फा-हिमोलायसिन या प्रथिनाच्या छिद्रातून असे धागे जाताना प्रथम दाखवले गेले, पण ते इतक्या वेगाने निघून जात की एकेक बेस ओळखणे अशक्य होते. आता धाग्यावर बसवलेले मोटर प्रथिन हा वेग आवरते. सध्याच्या प्रचलित रसायनात डीएनए सेकंदाला सुमारे ४०० बेस, तर आरएनए सुमारे १३० बेस या गतीने सरकतो.

लांब डीएनए हवा असेल, तर व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारे यंत्र) वापरू नये. नळीला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात आणि रुंद तोंडाची टिप घेऊन पिपेट सावकाश चालवावे. शुद्धता तपासताना नमुना २६०, २८० आणि २३० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो, हे मोजावे. २६०/२८० गुणोत्तर डीएनएसाठी सुमारे १.८, आरएनएसाठी सुमारे २.० आणि २६०/२३० गुणोत्तर २.० ते २.२ असावे. २६०/२३० गुणोत्तर बरेच कमी आले, तर फिनॉल किंवा ग्वानिडीनचे क्षार मागे राहिले असण्याची शक्यता असते. तसा नमुना पुन्हा शुद्ध केल्याशिवाय पुढे नेऊ नये.

अडॅप्टर, म्हणजे रेणूला छिद्रात शिरण्यास मदत करणारे छोटे तुकडे, रेणूच्या टोकांना जोडले जातात, म्हणून वजनाइतकीच रेणूंची संख्याही महत्त्वाची ठरते. एका बेसजोडीचे वजन सरासरी ६६० डाल्टन धरले, तर १०,००० बेसजोड्यांच्या तुकड्याचा एक फेम्टोमोल म्हणजे ६.६ नॅनोग्रॅम होतो. १,००० बेसजोड्यांचे तुकडे असतील, तर तेवढ्याच वजनात दहापट टोके असतात. त्यामुळे तुकड्यांची सरासरी लांबी मोजल्याशिवाय किती नमुना घालायचा, हे ठरवू नये.

आरएनए थेट वाचताना अडॅप्टर बहुधा पॉली-ए (सलग ए बेसच्या) शेपटीच्या बाजूने, म्हणजे ३′ टोकाला जोडला जातो आणि वाचनही तेथूनच सुरू होते. रेणू मध्येच तुटला असेल, तर ५′, म्हणजे विरुद्ध टोकाच्या, बाजूचा भाग वाचनात येतच नाही. म्हणून हातमोजे, बर्फ आणि आरएनेझमुक्त (आरएनए तोडणारे विकर नसलेले) पाणी यांत कोणतीही सवलत घेऊ नये.

फ्लो सेल, म्हणजे छिद्रांचा पट असलेला भाग, भरण्याची पायरी सर्वांत नाजूक असते. मिनआयन या छोट्या वाचनयंत्राच्या फ्लो सेलमध्ये प्रवाह मोजणारी ५१२ चॅनेल असतात. त्यातील किती छिद्रे जिवंत आहेत, हे आधी तपासावे. प्रायमिंगचे (फ्लो सेल आधी द्रावणाने तयार करण्याचे) तोंड उघडून पिपेट २०० मायक्रोलिटरवर ठेवावे, टिप तोंडात सरळ बसवावी आणि चाक हळूहळू २२० ते २३० पर्यंत फिरवावे. टिपेत पिवळसर द्रावणाचा छोटा स्तंभ दिसला की लगेच थांबावे. एवढ्याने तोंडाशी अडकलेली हवा बाहेर येते. अधिक ओढल्यास छिद्रांवरचे द्रावणच निघून जाते, आणि बुडबुडा छिद्रांच्या पटावरून गेला तर तेथील पटले कायमची फुटतात. लायब्ररीतील, म्हणजे अडॅप्टर जोडलेल्या तयार नमुन्यातील, मणी चटकन तळाशी बसतात, म्हणून ती भरण्याच्या क्षणीच ढवळून थेंब थेंब सोडावी आणि एक थेंब आत गेल्यावरच दुसरा द्यावा.

वाचन संपल्यावर पॉड५ या फाइल-स्वरूपातील मूळ सिग्नल जपून ठेवावा. सायटोसिन या बेसवरील मेथिल गट प्रवाहात बदल घडवतो आणि बेसकॉलिंगचे (सिग्नलवरून बेस ओळखण्याचे) योग्य मॉडेल तो ओळखू शकते. पीसीआरने काढलेल्या प्रतींत मात्र ती खूण उरत नाही. एकाच बेसची लांब रांग असेल तेथे प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून तिची लांबी मोजताना अजूनही चुका होतात. अशा जागी आढळलेला फरक दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय नोंदवू नये. सिग्नल हाताशी असला, तर सुधारित मॉडेल आल्यावर तोच रेणू नव्याने वाचता येतो.