कृष्णवर्णीय अमेरिकी माजी सैनिकाचे चरित्र लिहिताना

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय माणसे होती. त्यांपैकी अनेकांनी परतल्यावर नोकरी धरली, संसार केला, मुले शिकवली. युद्धाविषयी घरात मात्र फारसे तोंड उघडले नाही. अशा आजोबांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या नातवंडांनी, तसेच अशा घराशी सोयरीक जुळलेल्या अमेरिकेतील मराठी मंडळींनी, एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. शिपाई आणि कुटुंबप्रमुख अशी दोन वेगळी प्रकरणे पाडू नयेत, कारण सैन्याच्या कागदांत जे गळले आहे ते पुष्कळदा घरच्या कागदांत सापडते आणि घरात जे कोणी बोलले नाही ते सैन्याच्या कागदांत.

पहिला शोध सेवामुक्तीच्या कागदाचा घ्यावा. महायुद्धातील भूदलाच्या शिपायाला मिळालेल्या या एका पानावर लष्करातील काम, त्या आधीचा व्यवसाय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, अवलंबून असलेल्या माणसांची संख्या, परदेशी रवाना झाल्याची व परतल्याची तारीख आणि मोहिमांची नावे असतात. हा कागद सावकाश वाचावा. ‘अवलंबून’ या रकान्यात दोनचा आकडा असेल, तर तो माणूस लढाईवर असताना घरी कोण वाट पाहत होते, याचा माग तेथूनच सुरू होतो. नंतरच्या काळातील सैनिकांसाठी हेच काम डीडी-२१४ हा कागद करतो.

घरात कागद नसेल, तर सेंट लुईस येथील राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राकडे अर्ज करावा. सैनिक हयात नसल्यास त्याचा पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आईवडील, भावंडे व मुले यांनाच निकटचे वारस मानले जाते. नातवंडे त्यात येत नाहीत, म्हणून अर्जावर आई किंवा मामाची सही घेणे सोयीचे पडते. सेवामुक्तीला ६२ वर्षे उलटली असतील, तर शुल्क भरून कोणालाही नक्कल मागता येते. मात्र फार आशा धरू नये. १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या, आणि नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांचे अभिलेख त्यांत गेले. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तरी तेथेच थांबू नये. बरेच सैनिक घरी परतल्यावर आपला कागद काउंटीच्या न्यायालयात नोंदवून ठेवत. सैनिक परत येऊन जेथे राहिला त्या काउंटीत चौकशी करावी. तुकड्यांचे दैनंदिन हजेरी अहवालही मागता येतात.

याच्या जोडीला सक्तीच्या भरतीचे नोंदणीपत्र पाहावे. त्यावर ‘ज्याला तुमचा पत्ता नेहमी ठाऊक असेल अशी व्यक्ती’ असा रकाना आहे. तेथे बायकोचे नाव आहे, आईचे की एखाद्या मावशीचे, यावरून त्या तरुणाचा जीव कोठे गुंतला होता ते कळते. एवढे बोलके उत्तर मोठ्या दप्तरातही क्वचित मिळते.

तुकडीचे नाव हाती आल्यावर घाईने निष्कर्ष काढू नयेत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश क्रमांक ९९८१ काढला, तोपर्यंत कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला वाहतूक, गोदी, बांधकाम अशी कामे येत. ‘आजोबा नुसते ट्रक चालवत’ असे घरचे म्हणतात, तेव्हा १९४४ साली फ्रान्समधील आघाडीला इंधन व दारूगोळा पुरवणाऱ्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’चे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते, हे लक्षात ठेवावे. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशाच्या जंगलातून काढलेल्या रस्त्यावर राबलेल्या अमेरिकी सैनिकांतही त्यांचीच बहुसंख्या होती. उगाच रणवीर रंगवण्यापेक्षा ते काम नेमके कसे चाले हे लिहावे. माणूस त्यातूनच उभा राहतो.

सेवामुक्तीचा कागद निळा निघाला, तर कुटुंब शरमेने तो दडवू पाहते. तो सन्मान्य नव्हता आणि अप्रतिष्ठेचाही नव्हता, परंतु तो हाती पडलेल्या माणसाला सवलती बहुधा नाकारल्या जात. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळातील अशा कागदांपैकी सुमारे २२ टक्के कृष्णवर्णीयांना मिळाले, तेव्हा सैन्यात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. त्यामुळे निळ्या कागदावरून चारित्र्याचा निवाडा करू नये.

घर कधी घेतले, हा प्रश्न तर चुकवूच नये. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरकर्जाची हमी मिळाली, तरी कर्ज देणे न देणे स्थानिक बँकांच्या हाती राहिले. १९४७ साली मिसिसिपीत हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी अवघी दोन कृष्णवर्णीयांना मिळाली. दोन पाळ्या करून उशिरा घेतलेल्या घराची गोष्ट या आकड्याशेजारी ठेवली, म्हणजे बापाची माया आणि चिवटपणा वेगळा वर्णावा लागत नाही.

घरच्या बाजूला सर्वांत उपयोगाचा कागद म्हणजे अंत्यविधीची छापील पत्रिका. कृष्णवर्णीय चर्चमध्ये ती अगत्याने काढली जाते आणि तीत जन्मगाव, विवाह, मुले, नातवंडे, नोकरी, चर्चमधील जबाबदारी हे सारे असते. तारखा मात्र अन्य कागदांशी ताडून घ्याव्यात, कारण ती दुःखाच्या घाईत लिहिलेली असते.

सैनिक हयात असेल, तर कागदांआधी त्याच्याशीच बोलावे. आरंभी आईवडील, शेत, शाळा, मग लग्न असे विचारत जावे. लढाईचा विषय त्याचा तो काढू द्यावा. पत्नीशी वेगळे बोलावे, कारण तो परतल्यावर झोपेत का दचकायचा हे तिलाच ठाऊक असते. मुलाखत किमान तीस मिनिटांची, अखंड आणि असंपादित ठेवल्यास ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या माजी सैनिक इतिहास प्रकल्पाकडे पाठवता येते. त्यासाठी लागणारी संमतिपत्रे मुलाखतीच्याच दिवशी भरून घ्यावीत.