खोकला दोन आठवडे हटला नाही, तर

कफ सिरप बदलत बसू नका, टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, घरात कुणाला टीबी झाला असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

टीबीचा ताप बारीक असतो, म्हणूनच निसटतो. सकाळी अंग गार, संध्याकाळी 99-100 फॅरनहाइट. आठवडाभर रोज संध्याकाळी 6 वाजता, तापाची गोळी घेण्याआधी, थर्मामीटर लावा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. रात्रीच्या घामाचं मात्र नागपुरात अवघड आहे, मे महिन्यात कुणाला घाम येत नाही? कूलर सुरू असूनही बनियन बदलावी लागत असेल, किंवा डिसेंबरात उशी भिजत असेल, तर तो घाम उन्हाळ्याचा नाही. सोबत वजन पाहा. जेवण कमी न करता 60 किलोचा माणूस तीनेक महिन्यांत 57 वर आला, तर डॉक्टरांना सांगा.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांची थुंकी आधीच लालसर-तपकिरी, त्यात रक्त दिसत नाही. सकाळी खर्रा तोंडात टाकण्याआधी चूळ भरा आणि खोकून पडलेला बेडका पांढऱ्या कागदावर पाहा. लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त जास्त पडलं तर थेट कॅज्युअल्टी.

मानेत न दुखणारी गाठ, न थांबणारी पाठदुखी, वजन न वाढणारं मूल हाही टीबी असू शकतो. तिथे खोकला नसतोच कधीकधी.

थुंकीचे नमुने दोन लागतात: एक दवाखान्यातच, दुसरा पहाटे उठल्याबरोबर घरून. साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका. निदान 2 मिली, म्हणजे अर्धा चमचा, घट्ट बेडका हवा. बहुतेक जण डबीत नुसती लाळ देतात, मग टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. नागपूरच्या मेयो आणि मेडिकल या सरकारी हॉस्पिटलांत (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान नव्हे) तपासणी मोफत आहे. नॅट चाचणी (थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी) साधारण दोन तासांत जंतू दाखवते, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही सांगते. विचारायचं असेल तर टीबीची हेल्पलाइन 1800-11-6666.

दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून खाऊ नका. ते टीबीच्या जंतूंनाही दाबतं. चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं. आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही खोकला तसाच राहिला, तर छातीचा एक्स-रे मागा.